टोपली आणि हिस्सा

सीताफळाचे झाड कोणी मुद्दाम लावल्याचे आमच्या भागात फारसे ऐकू येत नाही. आंब्याचे रोप विकत आणतात, लिंबासाठी खड्डा खणतात, पपईला आळे करतात. सीताफळ मात्र कोणीतरी खाऊन थुंकलेल्या बीतून उगवते, मोरीच्या पाण्यावर वाढते, आणि तीन-चार वर्षांनी त्याला फळ धरले की मग घरातली माणसे म्हणू लागतात, "हे आमचे झाड."

धाराशिव जिल्ह्याला या झाडाची ओळख करून द्यायला नको. बालाघाटच्या उतारावर, तुळजापूरच्या घाटात, येडशी-रामलिंगच्या रानात, शेताच्या बांधावर ते आपले आपण उभे असते. उन्हाळ्यात पाने गाळून वाळल्यासारखे दिसते आणि पावसाळा लागला की पुन्हा हिरवे होते. आमची उस्मानाबादी शेळी बाभळीचा काटासुद्धा सोडत नाही, पण सीताफळाच्या पानाला तोंड लावत नाही. त्यामुळे या झाडाला ना कुंपण लागते, ना राखण. दसऱ्याच्या आसपास फळांचे डोळे उघडतात, भेगांमधून पिवळसर रंग दिसू लागतो, आणि मग ती उतरवून ज्वारीच्या पोत्यात किंवा कडब्यात पिकत घालतात. दोन-चार दिवसांत घरभर वास सुटतो.

आता प्रश्न असा की, जे झाड कोणी ठरवून लावले नाही आणि जे फक्त सांडपाण्यावर वाढले, त्याचे फळ कोणाचे? प्रश्न पोरकट वाटेल. झाड ज्याच्या अंगणात त्याचे फळ, हे उत्तर कोणीही देईल. पण या सोप्या उत्तराच्या आत बरेच काही दडलेले आहे, आणि ते आपल्या समाजाने एकदा उघडून पाहावे असे मला वाटते.

आधी नावाबद्दल थोडेसे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दूत या फळाला 'शरीफा' म्हणतात आणि आमच्या मुलांच्या घरी दखनीत सर्रास 'सीताफल'. मुले विचारतात, टीचर, बरोबर कोणते? दोन्ही बरोबर, असे मी सांगते. हे फळ मुळात अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातले. पोर्तुगिजांच्या काळात, सोळाव्या शतकाच्या सुमारास ते आपल्याकडे आले असे बहुतेक अभ्यासक मानतात. भारहूतच्या प्राचीन शिल्पांत असे फळ दिसते, म्हणून ते त्याहून जुने असावे, असेही काहींनी म्हटले होते. काही असो, समुद्रापलीकडून आलेल्या या फळाला इथल्या लोकांनी सीतेचे नाव दिले आणि त्याच्या भाऊबंदाला रामफळ म्हटले. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले, शेळीचे नाव मात्र उस्मानाबादीच राहिले. नावांची चर्चा व्हायची तिथे होतच असते. मला आज नावाचा नाही, वाट्याचा प्रश्न मांडायचा आहे.

पहिला वाटा पाखरांचा. सीताफळ झाडावर जरा जास्त राहिले की खार, पोपट, वटवाघूळ यांनी त्यात तोंड घातलेच म्हणून समजा. यावर घरातली मोठी माणसे म्हणतात, "खाऊ द्या, सदका आहे." हे बोलणे हदीसच्या आधाराचे आहे. एखाद्या मुसलमानाने झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावावर सदका म्हणून जमा होते, असा त्या हदीसचा आशय आहे. यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पाखरू परवानगी मागत नाही आणि लावणाऱ्याने त्या पाखरासाठी काही ठरवलेले नसते. तरीही पुण्य त्याला मिळते. म्हणजे फळाचा जो भाग आपल्या हाताबाहेर जातो, तोही वाया गेला असे समजायचे नाही.

दुसरा वाटा पोरांचा. दगड मारून फळ पाडणारी पोरे कोणत्या मोहल्ल्यात नसतात? राफे बिन अम्र या सहाबींच्या लहानपणाची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. ते अन्सारांच्या खजुरीला दगड मारत, म्हणून लोकांनी त्यांना पैगंबरांपुढे उभे केले. दगड का मारतोस, असे पैगंबरांनी विचारले. मुलगा म्हणाला, खाण्यासाठी. तेव्हा पैगंबरांनी त्याला शिक्षा केली नाही. दगड मारू नकोस, खाली पडलेले खात जा, असे सांगितले, डोक्यावरून हात फिरवला आणि त्याचे पोट भरावे अशी दुआ केली. झाडाला इजा नको, मालकाचे नुकसान नको आणि भुकेल्या पोराला मारही नको. तिघांचाही विचार त्या एका निवाड्यात झाला आहे.

तिसरा वाटा गरिबाचा. फळ आले की खा आणि ज्या दिवशी उतरवाल त्या दिवशी त्यातला हक द्या, उधळपट्टी करू नका, या अर्थाची आज्ञा सूरह अनआममध्ये आहे. आणि सूरह कलममध्ये बागवाल्यांची गोष्ट आहे. तफसीरकार सांगतात की ते बापाच्या बागेचे वारस होते. बाप गरिबांना वाटा देत असे. मुलांनी ठरवले की पहाटेच जाऊन फळ उतरवू, म्हणजे कोणी गरीब आत शिरायला नको. एकमेकांत कुजबुजत ते निघाले. पोहोचले तेव्हा बाग रातोरात जळाल्यासारखी झाली होती. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाटायचे की त्यांचा गुन्हा कंजूषपणाचा होता. आता वाटते की त्यांच्या कुजबुजण्यात जास्त मोठा गुन्हा होता. ज्याचा हक आहे त्याला कळू न देता वाटणी उरकून टाकायची, हा तो बेत होता. ही कुजबुज आपल्या घरांतूनही ऐकू येते.

झाडाच्या मालकीचा विचार करताना पाण्याचाही विचार करावा लागतो. आमच्या जिल्ह्यात पाणी ही चेष्टेची गोष्ट नाही. १९७२ चा दुष्काळ जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आमच्याकडेही टँकरची वाट पाहत रांगा लागत होत्या. अशा दिवसांत झाडाला पाणी घालणे योग्य की अयोग्य? माणसाला प्यायला नसताना झाडाला घागर ओतणे कोणालाच पटणार नाही. पण वजूचे पाणी, भांडी विसळलेले पाणी, तांदूळ धुतलेले पाणी बादलीत धरून झाडाच्या बुडाशी नेऊन ओतणे शक्य असते, आणि घराघरांतून ते केले गेले. ते कोणी केले? बायकांनी आणि मुलींनी केले. अंगणातल्या झाडांचा जमाखर्च लिहायला बसलो तर श्रमाच्या रकान्यात बहुतेक नावे मुलींची निघतील. झाड फळाला येईपर्यंत यातल्या कितीतरी मुली सासरी गेलेल्या असतात.

आता मालकीकडे येते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीचे नाव सर्वांना माहीत आहे, पण आमच्या जिल्ह्यातल्या सास्तूर आणि आसपासच्या गावांनीही फार माणसे गमावली. दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. ते दिवस सीताफळाच्या हंगामाचे होते. पुढे गावे नव्या जागी वसली. जुन्या गावठाणांत भिंती राहिल्या नाहीत, झाडे मात्र राहिली. त्या झाडांना फळे येत राहिली तेव्हा ती कोणाची होती? कोणत्या अंगणाची हद्द कुठे होती हे सांगणारी माणसेच अनेक ठिकाणी उरली नव्हती. मालकी म्हणजे काय हे अशा ठिकाणी उभे राहिल्यावर समजते. एका माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतचा तो करार असतो, आणि त्याच्या मरणाच्या दिवशी ती वस्तू दुसऱ्याकडे जाते. आपण जिला अमानत म्हणतो ती हीच. म्हणून माणूस जिवंतपणी फळ कसे खातो यापेक्षा त्याच्या मागे ते कसे वाटले जाते, यातून त्या घराची नियत जास्त कळते.

लहानपणी आमच्या घरी दरवर्षी मामूंकडून सीताफळांची टोपली यायची. एसटीच्या टपावरून उतरायची, वर कडब्याचा थर आणि त्यावर ओले फडके. त्या दिवशी अम्मीचा चेहरा बघण्यासारखा असायचा. ती फळे निवडायची, डोळे उघडलेली वेगळी, कच्ची वेगळी, आणि शेजारी वाटायला पाठवायची. "माझ्या माहेरची आहेत," असे सांगून पाठवायची. त्या टोपलीत मामूंचे प्रेम होते याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण पुष्कळ वर्षांनी मला समजले की नानांच्या पश्चात अम्मीने हक्कसोडपत्रावर सही केली होती. त्या घरात, अंगणात आणि झाडात तिचा हिस्सा होता. तो हिस्सा तिने सोडला, आणि वर्षातून एकदा टोपली येत राहिली.

मग माझ्या मनात प्रश्न आला की ती टोपली काय होती? ती भेट होती, की न दिलेल्या हिश्श्याचे व्याज होते? देणाऱ्याला ती भेट वाटत होती, घेणारीलाही भेटच वाटत होती. दोघांच्या मनात खोट नव्हती. तरी जी वस्तू एखाद्याची आहे, तिचा छोटासा तुकडा त्यालाच प्रेमाने दिला तर त्याला भेट म्हणता येईल का?

सूरह निसाची सातवी आयत सांगते की आईबाप आणि नातेवाईक जे मागे ठेवतात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही आहे, मग ते थोडे असो की जास्त, आणि हा हिस्सा ठरवून दिलेला आहे. 'थोडे असो की जास्त' हा भाग मला फार जवळचा वाटतो. कारण आपल्याकडे म्हणतात, दीड खोलीचे घर आणि एक झाड, त्यात काय वाटायचे? त्याचे उत्तर तिथे आधीच दिलेले आहे. पुढच्याच आयतीत, वाटणीच्या वेळी हिस्सा नसलेले नातेवाईक, यतीम आणि गरीब हजर असतील तर त्यांनाही काही द्या आणि त्यांच्याशी नीट बोला, असा आशय आहे. ज्यांचा हिस्सा नाही त्यांचीही इतकी काळजी घेतली आहे. आपण तर हिस्सा असलेल्यांनाच बाहेर ठेवतो.

सीताफळाच्या फुलाविषयी एक गोष्ट मी विज्ञानाच्या तासाला सांगते. हे फळ एकसंध नसते. फुलात पुष्कळ सुटी स्त्रीकेसरे असतात आणि प्रत्येकाची एक पाकळी तयार होते. आपण जी एकेक पाकळी तोंडात टाकून बी बाहेर काढतो, ती त्या फुलातल्या एकेका भागाची असते. लहानसे भुंगे फुलाफुलांतून पराग नेतात. ज्या भागाला पराग पोहोचला नाही तो भरत नाही, आणि फळ त्या बाजूने खुरटून वाकडे होते. बाजारात अशी वाकडी फळे ढिगाच्या तळाशी घालतात. मुलांना हे लगेच कळते, कारण अशी फळे त्यांनी खाल्लेली असतात.

आता बहिणींना हिस्सा न देण्याची जी कारणे सांगितली जातात, त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. ती सगळीच लबाडीची नसतात.

पहिले कारण असे की बहिणी स्वतःच सोडतात, त्यांना नको असते. धर्मात आणि कायद्यात वारसाला आपला हिस्सा खुशीने सोडता येतो, हे खरे. पण खुशी कशी ओळखायची? फळांच्या सौद्याबाबत एक नियम आपल्या बागवान मंडळींना चांगला ठाऊक असतो. फळ पक्व व्हायची चिन्हे दिसेपर्यंत ते विकू नये. फळ आलेच नाही तर तू आपल्या भावाचा पैसा कोणत्या हकाने घेणार, असे त्याचे कारण हदीसमध्ये दिले आहे. म्हणजे जे अजून दिसत नाही, हातात आलेले नाही, त्याचा सौदा न्यायाचा होत नाही. मी आलिमा नाही, शाळेतली शिक्षिका आहे. तरी मला वाटते की हाच विचार हक्कसोडीलाही लागू करून पाहावा. बाप हयात असताना मुलीकडून हिस्सा सोडवून घेतला, तर मुस्लिम कायदा सामान्यतः ते मानत नाही, कारण तेव्हा हिस्सा जन्मलेलाच नसतो. बापाच्या मरणानंतर तो जन्मतो. पण तो तिला दाखवलाच नाही, किती आहे हे सांगितले नाही, आणि थेट कागद पुढे केला, तर तिने नेमके काय सोडले? जे हातात आले आहे तेच माणूस देऊ शकतो. आधी तिच्या हातात ठेवा. मग तिने परत दिले तर ते दान तिचे.

दुसरे कारण जहेजचे. तिच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा हिस्सा, असे म्हणतात. पण तो खर्च बहुधा बापाने केलेला असतो, भावाने नाही. तो वरातीत, जेवणावळीत आणि सासरच्या मागण्यांत जातो, मुलीच्या नावावर त्यातले काही उरत नाही. शिवाय हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या धर्मात तर मेहर नवऱ्याने द्यायचा असतो. एका चुकीच्या खर्चाने दुसरे कर्ज कसे फिटेल?

तिसरे कारण जास्त खरे आहे. आईबापांना भावाने सांभाळले, घराची डागडुजी त्याने केली, झाडाखालचा कचरा त्याच्या बायकोने झाडला. हे श्रम मोजलेच पाहिजेत. पण ते उघडपणे मोजावेत. एवढा खर्च झाला, तो वजा करू आणि उरलेले वाटू, असे बसून ठरवता येते. श्रम मोजायचेच तर बादल्या वाहिलेल्या मुलींचेही मोजावे लागतील.

चौथे कारण असे की झाड कसे वाटणार? पण आपल्या खेड्यांत एकाच आंब्यात चार-चार भावकींचे वाटे असत. उतरणीच्या दिवशी सगळे येत, ढीग घातले जात आणि जो तो आपला ढीग घेऊन जाई. झाड कोणी कापले नाही. वाटणीची इच्छा असली की रीत सापडते.

पाचवे कारण कोणी बोलून दाखवत नाही, आणि तेच सर्वांत जड आहे. बहिणीला भीती असते की हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. ईदला बोलावणे येणार नाही, बाळंतपणाला कोणी नेणार नाही, नवऱ्याने घराबाहेर काढले तर उभे राहायला दार उरणार नाही. ती हिस्सा सोडते ते हे दार उघडे राहावे म्हणून. म्हणजे माहेरपणाची ती किंमत मोजते. ज्या भावाला आपण फार प्रेमळ समजतो, त्याने ही किंमत कधी मागितलेली नसते. पण ती घेतलेली असते.

हा केवळ आपल्याच समाजाचा प्रश्न आहे असे नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, तरी शेजारच्या गल्लीत साडीचोळीवर सह्या होतच असतात. आपल्याकडे शेतजमिनीचा विषय १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलमातून वगळलेला आहे, आणि ती सबब पुढे करून पुष्कळ चर्चा होते. पण घर आणि अंगण ही काही शेतजमीन नव्हे, तिथे सबब चालत नाही. मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा का, तो बरोबरीचा असावा की नाही, हा वाद आपल्या व्यासपीठांवर होतो आणि तो व्हायलाही हवा. मात्र दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणाऱ्यांनी एकदा आपल्या घरात पाहावे. निम्मा की बरोबरीचा हे ठरण्याआधी, आज जो मिळतो तो शून्य आहे.

सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना मी एक उदाहरण घालते. दोन भाऊ, तीन बहिणी, झाडाला १४० सीताफळे. भावाला दोन वाटे, बहिणीला एक. मुली फळ्यावर सोडवतात. एकूण वाटे सात, एका वाट्याला वीस, प्रत्येक भावाला चाळीस, प्रत्येक बहिणीला वीस. तिघी बहिणींचे मिळून साठ. उत्तर बरोबर येते. एकदा एका मुलीने विचारले, "टीचर, मग आमच्या फूफीला टोपलीत पंचवीसच का जातात? फळांचे जाऊ द्या, घरातले किती जाते?" वर्गात हशा झाला. मी तिला म्हणाले की हे गणित घरी जाऊन अब्बांसमोर सोडव. तिने सोडवले की नाही हे मी विचारले नाही. पण वर्गातल्या मुलांनी, म्हणजे मुलग्यांनी, ते गणित वहीत उतरवले आहे. उद्या ते भाऊ होतील तेव्हा आकडेमोड येत नव्हती असे त्यांना म्हणता येणार नाही.

हे सगळे लिहिताना मी दुरून बोलत नाही. आम्हीही दोन भाऊ आणि तीन बहिणी आहोत. अम्मी आधी गेल्या, मग अब्बा गेले. अंगणात मोरीजवळ आपोआप उगवलेले सीताफळ आहे. चाळीसाव्यानंतर भाईजाननी कागद तयार करून आणला. रीतच तशी आहे, त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. थोरल्या आपाचे मियाँ वारले आहेत, ती दोन मुलांना घेऊन भाड्याच्या खोलीत राहते. धाकटीचे बरे चालले आहे. आम्ही तिघींनी मिळून सांगितले की सही करायला आमची ना नाही, पण आधी सात वाटे कागदावर लिहा, आमची नावे त्यापुढे लिहा. मग आम्ही ठरवू की कोण किती सोडणार. धाकटी तिचा वाटा भावांना देणार आहे. आपाला तिचा हवा आहे, आणि माझा मी आपाला देणार आहे.

भाईजान बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तुम्ही माझ्यावर भरोसा ठेवला नाही." या वाक्याला उत्तर देणे अवघड असते. भरोसा होता म्हणूनच आम्ही समोर बसून बोललो, वकिलाकडे गेलो नाही. भाभी चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "माझीसुद्धा सही झाली आहे माझ्या भावाच्या कागदावर. मला तरी कोणी वाटे लिहून दाखवले होते?" त्यावर कोणीच काही बोलले नाही. जो हिस्सा आमच्या घरातून बाहेर जायला नको, तोच हिस्सा भाभींच्या माहेरून आमच्या घरात आलेला नाही. प्रत्येक घर एका दाराने वाचवते आणि दुसऱ्या दाराने गमावते. दोन्हीकडे गमावणारी बाईच असते.

कागद अजून कपाटात आहे. मोजणी झाली आहे आणि झाड नेमके दोन वाट्यांच्या हद्दीवर येते. ते कापायचे नाही, एवढे सर्वांना मान्य झाले आहे. उतरणीच्या दिवशी सगळ्यांनी यायचे असेही बोलणे निघाले आहे. बाकी ठरायचे आहे, आणि ठरेपर्यंत घरात थोडा ताण राहील. तो सोसायला हवा. ताण नको म्हणून आधीच्या पिढीने सह्या केल्या आणि आपल्या लेकींना तीच सवय लावली.

टोपली पाठवणे बंद व्हावे असे मला मुळीच वाटत नाही. भावाने बहिणीला फळे पाठवावीत, तिने ती शेजारी वाटावीत, माहेरचे नाव घ्यावे, यासारखे सुख नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आधी हिस्सा पोहोचू द्या. हिस्सा पोहोचल्यानंतर जी टोपली येईल, तिला बहीण मनापासून भेट म्हणेल आणि भावालाही ती भेट म्हणूनच देता येईल. यंदा तुमच्या अंगणातले सीताफळ उतरेल तेव्हा ढीग घालण्यापूर्वी घरातले वारस किती, एवढे एकदा मोजा. मोजताना सासरी गेलेल्यांची नावेही घ्या.